उभं राहण्याचा गुन्हा: ‘पास ओव्हर’ समजून घेताना

रात्रीचा रस्ता, दिव्याचा एक खांब आणि फुटपाथची कड. नेपथ्य म्हणून जवळजवळ एवढंच. मोझेस आणि किच ही विशीच्या आसपासची दोन कृष्णवर्णीय पोरं त्या खांबाखाली आहेत. रात्र तिथं, सकाळ तिथं, दुसरी रात्रही तिथंच. भूक लागलेली असते, खिशात दमडी नसते, पायातले बूट झिजलेले असतात. वेळ घालवायला ती एकमेकांना शिव्या देतात, टाळ्या देतात, खेळ खेळतात. त्यातला एक खेळ असा की एकानं म्हणायचं, ‘मारून टाक मला’, आणि दुसऱ्यानं तोंडानं गोळी झाडल्याचा आवाज काढायचा. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. नाटक पुढे सरकतं तसतसं ते हसू घशात अडकतं.

हे ‘पास ओव्हर’. लेखिका अँटोनेट न्वांडू. २०१७ मध्ये शिकागोच्या स्टेपनवुल्फ थिएटरनं डान्या टेमोर यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणलं, आणि त्याच प्रयोगाचं चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली यांनी चित्रीकरण केलं. तो चित्रपट जानेवारी २०१८ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला. लांबी जेमतेम सव्वा तास. पण त्या सव्वा तासात अमेरिकेचा इतका इतिहास ठासून भरलाय की तो माहीत नसला तर अर्धं नाटक हातातून निसटतं. म्हणून हा लेख. शेवटाबद्दलही बोलणार आहे, तेव्हा ज्यांना आधी चित्रपट बघायचाय त्यांनी बघून या.

नाटकवाल्या वाचकाच्या मनात एव्हाना ‘गोदो’ आला असेल. बरोबर आहे. सॅम्युएल बेकेटचं ते नाटक ५ जानेवारी १९५३ ला पॅरिसमध्ये पहिल्यांदा झालं. त्यात झाडाखाली दोन भणंग माणसं गोदो नावाच्या कुणाची तरी वाट बघत बसतात आणि तो काही येत नाही. न्वांडू यांनी तोच सांगाडा उचललाय. झाडाच्या जागी दिव्याचा खांब आला, भणंगांच्या जागी ही दोन पोरं आली. निघायचं ठरवतात आणि हलत नाहीत, तेही तसंच.

पण एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते सगळं नाटक त्या फरकावर उभं आहे. बेकेटची माणसं का अडकलीत, ते कुणी सांगत नाही, सांगायची गरजही नाही. माणसाच्या जगण्याचंच ते चित्र आहे असं आपण मानतो. मोझेस आणि किच मात्र का अडकलेत याला कारण आहे. त्या कारणाला नकाशा आहे, कायदा आहे, तारखा आहेत. त्यांचं थांबणं कुणीतरी घडवलंय.

आधी कायदा घेऊ. आपल्याकडे नाक्यावर उभी राहणारी पोरं प्रत्येक गावात असतात. मोठी माणसं त्यांच्यावर खेकसतात, पण नुसतं उभं राहिलं म्हणून कुणी सहा महिने आत जात नाही. शिकागोत जाऊ शकत होतं. १९९२ मध्ये तिथल्या महापालिकेनं टोळीविरोधी नियम केला. रस्त्यावर घोळक्यात उभ्या असलेल्यांपैकी एखादा टोळीतला आहे असं पोलिसाला सबळ कारणानं वाटलं, आणि ते ‘कुठलाही उघड हेतू नसताना एका जागी थांबलेत’ असं दिसलं, की त्यानं सगळ्यांनाच पांगायला सांगायचं. नाही पांगले तर अटक. पाचशे डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. घोळक्यातल्या बाकीच्यांचा टोळीशी संबंध असण्याचीही गरज नव्हती. तीन वर्षांत पोलिसांनी ८९,००० हून अधिक वेळा पांगण्याचे हुकूम दिले आणि ४२,००० हून अधिक लोकांना अटक केली. अखेर १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हा नियम रद्द केला. एखादा माणूस थांबलाय त्यामागे ‘उघड हेतू’ आहे की नाही हे ठरवायचं कुणी आणि कशावरून? नियम इतका मोघम होता की सगळं त्या क्षणी समोर असलेल्या पोलिसाच्या मर्जीवर जात होतं.

आता पुन्हा त्या दोघांकडे बघा. हेतूशिवाय एका जागी थांबलेली दोन पोरं. गोदोची गोष्ट शिकागोच्या फुटपाथवर आणली की ती आपोआप गुन्ह्याची गोष्ट होते.

या प्रकाराची मुळं जुनी आहेत. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मिसिसिपी राज्यानं कायदे केले की ज्या कृष्णवर्णीय माणसाकडे कामाचा लेखी पुरावा नाही तो भटक्या गुन्हेगार. त्याला दंड करायचा, आणि दंड भरता आला नाही तर जो कुणी तो भरेल त्याच्याकडे मजुरीला जुंपायचं. म्हणजे पुन्हा मळा, पुन्हा मालक. त्याच्याही आधी, १७०४ पासून, कॅरोलायनात गुलामांवर नजर ठेवणारी गस्तीपथकं होती. रात्री मळ्याबाहेर दिसलेल्या गुलामाला ती अडवायची आणि मालकाची चिठ्ठी मागायची. चिठ्ठी नसेल तर चाबूक. काळा माणूस मोकळा फिरताना दिसला की त्यानं जाब द्यायचा, ही सवय तिथल्या सत्तेला तीनशे वर्षांची आहे.

न्वांडू यांनी हे सगळं संहितेच्या पहिल्या पानावरच मांडून ठेवलंय. नाटकाचा काळ कोणता? आत्ताचा. पण १८५५ सुद्धा. आणि इसवी सनापूर्वीचं तेरावं शतकही. जागा कोणती? वस्तीतला रस्ता, पण एक मळाही, आणि गुलामांनी बांधलेलं इजिप्तमधलं शहरही. पात्रांचंही तसंच. किच हा नाक्यावरचा पोरगा आहे, गुलाम आहे आणि देवानं निवडलेल्या लोकांपैकी एक आहे. प्रत्येक नट एकाच वेळी तीन काळांत उभा असतो. मंचावर यातलं काहीही वेगळं दाखवत नाहीत, कपडे बदलत नाहीत, पडद्यावर सनावळी येत नाही. बोलण्याच्या ओघात एखादा शब्द असा येतो की खालची जमीन सरकते आणि आपण मळ्यात असतो.

यातला इजिप्तचा धागा मराठी वाचकाला थोडा उलगडून सांगायला हवा. बायबलच्या निर्गम या पुस्तकात मोशेची गोष्ट आहे. इस्राएली लोक मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते. देवानं मोशेला नेता केलं. तिथला राजा फारो ऐकेना, म्हणून मिसरावर एकामागून एक दहा पीडा आल्या. शेवटच्या रात्री मिसरच्या घराघरांतली थोरली मुलं मेली आणि ज्या दारांना कोकराचं रक्त लावलेलं होतं ती घरं मृत्यूनं ओलांडली. त्या रात्रीची आठवण म्हणजे वल्हांडण सण, इंग्रजीत ‘पासओव्हर’. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यूही तो पाळत आले आहेत. मग लोक समुद्र पार करून वचनदत्त देशाकडे निघाले. नाटकाचं नाव या सणावरून आलंय, आणि मोझेस म्हणजे अर्थातच मोशे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी ही गोष्ट केव्हाच आपलीशी केली होती. मळ्यांवरच्या भक्तिगीतांत मोशे होता, फारो होता, नदी होती. मालकाला वाटायचं पोरं देवाची गाणी म्हणतायत. १८४९ मध्ये गुलामीतून पळालेली हॅरिएट टबमन पुन्हा पुन्हा मागे जाऊन सुमारे सत्तर माणसांना सोडवून घेऊन आली, तिला लोक ‘मोझेस’ म्हणायचे. आणि ३ एप्रिल १९६८ च्या रात्री मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग म्हणाले की मी डोंगरमाथ्यावरून वचनदत्त देश पाहिलाय, कदाचित मी तुमच्यासोबत तिथं पोचणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना गोळी घातली. तेव्हा दिव्याच्या खांबाखालचा हा पोरगा जेव्हा म्हणतो की मी तुला इथून बाहेर काढीन, तेव्हा त्याच्या पाठीशी केवढी मोठी रांग उभी आहे ते लक्षात घ्या. किचचा त्याच्यावर भाबडा विश्वास आहे. मोझेसचा स्वतःवर नाही. नाटकातलं सगळ्यात हळवं दुखणं मला तिथं दिसतं.

दोघांचा आणखी एक खेळ आहे: वचनदत्त देशात पोचल्यावर हव्या असलेल्या पहिल्या दहा गोष्टींची यादी. मागण्या साध्या असतात, पोटभर जेवण, धड कपडे अशा. आणि त्याच यादीत मेलेलं माणूस परत मिळण्याचीही इच्छा येते. दुसरी यादी त्याहून भयंकर आहे. पोलिसांनी मारलेल्या ओळखीच्या पोरांची नावं ते आठवत जातात. नावं इतकी की एकाच नावाचे दोघं निघतात, मग हा कुठला, तो कुठला, हे खुणांनी सांगावं लागतं. यात कुठलीही शोकसभा नाही. रोजची उजळणी चाललीय इतक्या सहज ते चालतं. नाटककार म्हणून न्वांडू यांची ताकद या सहजतेत आहे.

हे लिखाण सुचलं ते ट्रेव्हॉन मार्टिनच्या मृत्यूनंतर. २६ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये सतरा वर्षांचा ट्रेव्हॉन दुकानातून गोळ्या-चॉकलेटं आणि थंड पेय घेऊन परतत होता. अंगात टोपीवाला स्वेटशर्ट होता. वस्तीवर पहारा ठेवणाऱ्या एका स्वयंसेवकाला तो संशयास्पद वाटला. तो त्याच्या मागे गेला, झटापट झाली आणि त्यानं गोळी झाडली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ ही हाक त्या निकालानंतरची. न्वांडू तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकवत होत्या आणि समोर त्याच वयाची पोरं बसत होती.

शिकागोची स्वतःची जखमही ताजी होती. २० ऑक्टोबर २०१४ ला लक्वान मॅक्डॉनल्ड या सतरा वर्षांच्या मुलाला एका पोलिसानं सोळा गोळ्या घातल्या. तो चाकू घेऊन अंगावर आला, असं आधी सांगितलं गेलं. वर्षभरानं न्यायालयाच्या आदेशानं पोलिसांच्या गाडीतलं चित्रण बाहेर आलं, आणि त्यात तो लांब चालत जाताना दिसला. स्टेपनवुल्फच्या प्रेक्षकांनी ते चित्रण पाहिलेलं होतं. मंचावर पोलिसाच्या चाहुलीनं दोघं थिजतात तेव्हा त्या सभागृहात कुणालाही काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

आता नकाशा. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेकडची राज्यं सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांकडे गेले. शिकागो त्यातलं मोठं ठिकाण होतं. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतातून निघालेल्या माणसाला शिकागो हाच वचनदत्त देश वाटायचा. इथं आल्यावर कळलं की राहायचं कुठं हे आधीच ठरलंय. गोऱ्या वस्त्यांतल्या घरांच्या करारनाम्यांत अट असायची की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनं शहरांचे रंगीत नकाशे केले. जिथं कृष्णवर्णीय राहतात तो भाग लाल, म्हणजे कर्जासाठी धोक्याचा. कर्ज नाही म्हणून घराची मालकी नाही, मालकी नाही म्हणून पुढच्या पिढीला द्यायला काही नाही. शाळा, दुकानं, नोकऱ्या त्याच रेषेनं ओसरत गेल्या. १९६६ मध्ये किंग मुद्दाम शिकागोच्या वेस्ट साइडला येऊन राहिले आणि घरांच्या हक्कासाठी मोर्चे काढले. ऑगस्टमध्ये मार्क्वेट पार्कच्या मोर्चात गोऱ्या जमावातून आलेला दगड त्यांच्या डोक्यावर बसला. तर मोझेस आणि किच त्या लाल रंगात उभे आहेत. ‘उठा आणि जा की दुसरीकडे’ असं म्हणणाऱ्याला हा नकाशा दाखवावा.

म्हणूनच स्पाइक ली यांनी चित्रपटाची सुरुवात मंचावर केलेली नाही. सुरुवातीला दिसते बस. शहराच्या साउथ आणि वेस्ट साइडची कृष्णवर्णीय माणसं बसमध्ये बसून नाटकाला निघालीत. स्टेपनवुल्फ आहे उत्तरेकडच्या लिंकन पार्कमध्ये, सुखवस्तू आणि मुख्यतः गोऱ्या भागात. ती बस शहर कापत जाते तेव्हा त्या नकाशावरची रेषाच ओलांडत असते. संवाद नाही, निवेदन नाही, आणि तरी सगळा विषय त्या प्रवासात येऊन जातो.

चित्रित नाटक म्हटलं की बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यात चूक काही नाही. कॅमेरा मागच्या रांगेत ठेवायचा, नट मुंगीएवढे दिसणार, आवाज विहिरीतून आल्यासारखा. ली हे काम फार वर्षं करत आलेत. नट रॉजर ग्वेनव्हर स्मिथ यांचे एकपात्री प्रयोग त्यांनी चित्रित केले, ‘पासिंग स्ट्रेंज’ हे संगीत नाटक केलं. इथं त्यांचा कॅमेरा नटांच्या चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की घामाचा थेंब दिसतो. मोझेसच्या भूमिकेतले जॉन मायकल हिल आणि किच झालेले ज्युलियन पार्कर यांच्या डोळ्यांत काय चाललंय ते थिएटरातल्या पहिल्या रांगेलाही इतकं दिसलं नसेल. आणि मधेच कॅमेरा वळतो प्रेक्षकांकडे. हसणारे, तोंडावर हात ठेवलेले, मान हलवणारे कृष्णवर्णीय चेहरे. कोणत्या विनोदाला कोण हसलं, कुठं सभागृह गप्प झालं, हे आपण बघतो. घरी एकट्यानं बघणाऱ्या, दूर देशातल्या प्रेक्षकाला यामुळे आपली जागा कळते. ही गोष्ट आधी त्या माणसांची आहे, आपण त्यांच्या शेजारी बसून पाहतोय.

दोघांच्या या जगात दोन गोरे येतात. पहिला ‘मिस्टर’. फिकट रंगाचा सूट, हातात खाण्यानं भरलेली टोपली, वागणं कमालीचं गोड. आईकडे निघालो होतो, वाट चुकलो, म्हणतो. टोपलीतून पदार्थावर पदार्थ निघतात. किचच्या तोंडाला पाणी सुटतं, मोझेसला संशय येतो. बोलता बोलता हा गृहस्थ विचारतो की तुम्ही आपसात जी शिवी सतत वापरता ती मी वापरली तर का चालत नाही? ती शिवी गुलामगिरीच्या काळातली, मालकांच्या तोंडातली. पोरांनी ती आपसात आपुलकीनं वापरून जणू तिची धार काढून घेतलीय. पण मिस्टरला ती परत हवी आहे. सगळं आपलंच असायची सवय झालेल्या माणसाला एखादी गोष्ट आपली नाही हे सहन होत नाही, आणि त्या क्षणी गोडव्याखालचं काहीतरी दिसून जातं. दुसरा ‘ऑसिफर’, पोलीस. तो सरळ आहे. दरडावतो, हात वर करायला लावतो, त्यांची लायकी त्यांच्याच तोंडून वदवून घेतो.

या पोलिसाच्या चित्रणावरून २०१७ मध्ये शिकागोत वाद पेटला. एका मोठ्या दैनिकाच्या समीक्षिकेनं लिहिलं की पोलिसाचं पात्र एकांगी आहे आणि हिंसा तर बरीचशी त्या समाजाच्या आतूनच होते. नाट्यसृष्टीतल्या अनेकांनी जाहीर निषेध केला, स्टेपनवुल्फनंही केला, त्या समीक्षिकेला फुकट तिकिटं देऊ नयेत अशी मागणी झाली. वस्तीतल्या वस्तीत खून होतात हे कुणी नाकारत नाही. पण या नाटकाचा प्रश्न वर्दीतल्या माणसाचा आणि त्याला मागून बळ देणाऱ्या व्यवस्थेचा आहे. त्यावर ‘तुमच्यातलेच लोक मारतात ना’ हे उत्तर होत नाही, तो विषयच बदलणं आहे.

शेवटाकडे दोघांना वाटायला लागतं की मेल्याशिवाय इथून पार होता येणार नाही. मग पोलीस पुन्हा येतो आणि मोझेस बदलतो. त्याच्यात मोशे संचारतो, पीडा उतरतात, आणि वर्दीतला माणूस गलितगात्र होतो. सुटका झाली असं वाटेपर्यंत तो गोड मिस्टर परत येतो आणि मोझेसला गोळी घालतो. या शेवटानं बरेच लोक हादरले, पण मला तो अटळ वाटतो. पोलीस निदान ओळखू येतो. टोपली घेऊन आलेला माणूस ओळखू येत नाही. ट्रेव्हॉनला मारणारा तरी कुठं वर्दीत होता?

गुलामगिरी आणि अमेरिका म्हटल्यावर आपल्याला जोतीरावांची आठवण होणारच. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला. त्या मुक्तीला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती, आणि काळ्यांना भटकं ठरवणारे कायदे तिकडे येऊनही गेले होते. शंभर वर्षांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावापासून प्रेरणा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतलेली होती. म्हणजे ही माणसं आपल्याला परकी नाहीत, पण त्यांच्या दुःखाचा तपशील त्यांचा आहे, तो तसाच समजून घ्यायला हवा.

चित्रपटात २०१७ चा शेवट कायमचा राहिला, नाटक मात्र पुढे गेलं. २०१८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये झालं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ऑगस्ट विल्सन थिएटरात. करोनाच्या टाळेबंदीनंतर ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, सुरू झालेलं ते पहिलं नाटक. मधल्या काळात, २०२० मध्ये, पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव जाताना सगळ्या जगानं पाहिला होता. न्वांडू यांनी शेवट बदलला. काळ्या तरुणाचा मृत्यू पुन्हा एकदा मंचावर दाखवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. नव्या शेवटात मोझेस मरत नाही. त्या उजाड रस्त्याच्या जागी हिरवीगार बाग अवतरते. काही समीक्षकांना हे स्वप्नाळू वाटलं. मला त्यात लेखिकेचा हक्क दिसतो. जे दाखवायचं होतं ते एकदा जिवाच्या आकांतानं दाखवून झालं होतं, आणि सभागृहात बसणाऱ्या काळ्या आयांना तीच गोळी रोज संध्याकाळी पुन्हा ऐकवण्याची सक्ती तिच्यावर कुणी करू शकत नाही.

बघणार असाल तर इंग्रजी उपशीर्षकं सुरू ठेवा. पोरांची बोली वेगवान आहे, शिव्या भरपूर आहेत, आणि पहिली दहा मिनिटं कान बसेपर्यंत अवघड जातील. निर्गमचे पहिले पंधरा अध्याय आधी वाचून ठेवलेत तर शेवटच्या प्रसंगातली एकेक पीडा ओळखता येईल.